किल्ला ढासळला: बोळवण करायची की धीर द्यायचा?

दिवाळीचा किल्ला बुरुजासकट खाली बसला की चार-पाच वर्षांचं मूल भोकाड पसरतं. घाईघाईने कुणीतरी म्हणतं, "काही नाही झालं, आपण याहून भारी करू!" हे ऐकायला आशावादी असलं तरी ही बोळवण आहे. काय झालंय ते मुलाला समोर दिसतंय. तुम्ही ते नाकारलंत की ते आणखी मोठ्याने रडतं. धीर देताना आधी झालेलं मान्य करावं लागतं. त्याच्या उंचीला बसून, "पडला ना बुरूज? वाईट वाटलं." एवढंच, मग गप्प. हुंदके थांबेपर्यंत उपाय सुचवू नका, रडताना डोक्यात काही शिरत नाही.

खरा फरक पुढे पडतो. बोळवणीत किल्ला विसरायला लावतात, बहुधा हातात मोबाइल देऊन. धीर देणारा किल्ल्याकडेच परत नेतो: "कुठून सुटला रे?" चिखल पातळ होता, आत नुसती मातीच होती. मग दगड-विटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं आणि लिंपायचं काम मुलालाच द्यायचं. बाबांनी रात्रीतून नवा किल्ला उभा केला तर सकाळी मूल खूश होईल. पण 'मला जमत नाही, बाबांना जमतं' हेही त्याच्या मनात बसेल.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी ॲब्रॅमसन आणि टीसडेल यांच्यासह 1978 मध्ये मांडलं, की अपयशाचं कारण आपण स्वतःला कसं सांगतो यावर बरंच ठरतं: ते कायमचं की तात्पुरतं, सगळीकडचं की इथलंच, माझ्यामुळे की बाहेरच्या गोष्टीमुळे. "तुझं नेहमी असंच!" आणि "आज चिखल पातळ झाला" यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र पाणी त्यानेच जास्त ओतलं असेल तर "मातीच खराब होती" अशी थाप मारू नका. पाणी पुढच्या वेळी कमी ओतता येतं. खराब मातीचं मूल काय करणार?

संगीत खुर्चीत पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर असं कारण शोधत बसू नका. "पुढच्या वेळी तूच जिंकशील" हेही नको, ते आपल्या हातात नाही. "घरी जाऊन आपण पुन्हा खेळू" म्हणा, आणि खेळा. पावसाने बाग हुकली तर तीन वर्षांच्या मुलाला नुसतं 'उद्या' कळत नाही. "झोपून उठलास, दूध प्यालास, की आभाळ बघू" हे कळतं.