मधुमेहातील आहारोपचार

मधुमेही व्यक्तीचे वय, वजन, औषधे, कामाच्या वेळा आणि घरचा स्वयंपाक पाहून तिच्यापुरते बेतलेले आहारनियोजन. हे काम आहारतज्ज्ञ करतात. निदान आणि औषधे डॉक्टरांकडे असतात; पण गोळी किंवा इन्शुलिनची मात्रा जेवणाशी जुळावी लागते, म्हणून दोन्ही उपचार हातात हात घालून चालावे लागतात. दवाखान्यात मिळणारा 'हे खा, हे टाळा' असा छापील तक्ता म्हणजे आहारोपचार नव्हे. तो सगळ्यांना सारखाच असतो आणि बहुधा पंधरवड्यात फ्रिजच्या दारावरून नाहीसा होतो.

१९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवणे हाच उपचार होता. १९५० मध्ये अमेरिकेत पदार्थांच्या अदलाबदलीच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. त्यांमुळे एका पदार्थाऐवजी तितकेच कर्बोदक देणारा दुसरा पदार्थ निवडता येऊ लागला. भारतात इंडियन डायटेटिक असोसिएशनची स्थापना १९६३ साली झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत.

पहिल्या भेटीचा बराच वेळ विचारपूस करण्यात जातो. काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेले, ते वेळेसकट सांगायचे असते. 'मी गोड खातच नाही' म्हणणाऱ्याच्या दिवसातून साखरेचे चार चहा आणि सोबतची खारी निघते. भाताची 'एक वाटी' म्हणजे नेमकी केवढी, हे कळावे म्हणून टेबलावर लहानमोठ्या वाट्या आणि चमचे ठेवलेले असतात. तेल किती वापरता, असे थेट विचारल्यास उत्तर 'अगदी कमी' असेच येते. म्हणून महिन्याला घरात किती लिटर तेल येते आणि जेवणारी माणसे किती, एवढे विचारून भागाकार करतात. स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत आली तर निम्मे काम तिथेच होते. सल्ला नवऱ्याने ऐकायचा आणि फोडणी बायकोने घालायची, अशा घरात तो टिकत नाही.

मग ताट बदलते, पण ओळखीचेच राहते. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव उसळ, डाळ, अंडी किंवा मासळीचे आणि उरलेले पाव पोळी, भाकरी किंवा भाताचे, असा ढोबळ हिशेब असतो. कोकणातल्या माणसाचा भात बंद करण्यापेक्षा मोजून देणे शहाणपणाचे. उलट 'भाकरी चालते' म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाणारेही पुष्कळ भेटतात. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील कर्बोदके वजनाला जवळजवळ सारखीच असतात. हापूसवर सरसकट बंदी नसते, मात्र तो जेवणावर आमरस म्हणून न घेता मधल्या वेळी दोन-चार फोडी आणि त्या बदल्यात दुसरे काही कमी, असे ठरते.

उपवास हा महाराष्ट्रातील खास अवघड विषय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात बटाटा पडला की एकादशीचे ताट नेहमीच्या जेवणापेक्षा जड होते. याउलट निर्जळी उपास करून इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ जाणवला आणि रक्तातील साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही तेव्हा, कर्बोदके मोजून त्यानुसार इन्शुलिन ठरते. मूत्रपिंड बिघडलेले असल्यास प्रथिने व पोटॅशियम यांचा वेगळा हिशेब लागतो. अशा वेळी शेजाऱ्याचा तक्ता किंवा भाज्यांचे रस अपायकारक ठरू शकतात. परिणाम पाहण्यासाठी उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेबरोबर एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी करतात. अनेक प्रौढांसाठी ती ७ टक्क्यांखाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते; वृद्धांना सवलत दिली जाते.

आहारतज्ज्ञ निवडताना पोषणशास्त्रातील पदवी आणि 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' ही अर्हता पाहावी. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून पावडरचे डबे विकणारेही स्वतःला डाएटिशियन म्हणवतात. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश संलग्न आरोग्य व्यवसायांत केला आहे.