पहिल्या पावसातले नत्र आणि सातपुड्याचे नाले

खानदेशातल्या जंगलात नत्राचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि त्याचा बराचसा हिशेब पहिल्या काही आठवड्यांतच लागून जातो. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांच्या डोक्यावरच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पाऊस पडतो तो साडेतीन-चार महिने. त्यामुळे सदाहरित जंगलात वर्षभर संथपणे चालणारे काम इथे अचानक, धसमुसळेपणाने उरकले जाते.

आधी पाचोळ्याचे पाहू. साग, सादडा, धावडा ही झाडे पाने टाकण्याआधी त्यांतले निम्म्याच्या आसपास नत्र काढून खोडा-फांद्यांत साठवतात. खाली पडते ते पान नत्राच्या बाबतीत गरीब असते: सागाच्या वाळक्या पानात नत्राच्या चाळीस-पन्नास पट कार्बन असतो. जिवाणू-बुरशींच्या शरीरात हे प्रमाण साधारण ८ ते १० पट असते आणि खाल्लेल्या कार्बनचा मोठा भाग श्वसनात उडून जातो. म्हणून अन्नात नत्राच्या २५ पटींपेक्षा फार जास्त कार्बन असला की सूक्ष्मजीव पाचोळा कुजवताना उलट मातीतलेच नत्र ओढून घेतात. ताजा पाचोळा पडला म्हणजे लगेच खत मिळाले, हे खरे नाही. सुरुवातीला तो घेतो, देतो नंतर.

मग जूनमध्ये एवढे नत्र मोकळे होते कुठून? मुख्यतः मातीतूनच. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ मध्ये दाखवले की कडक वाळलेली माती भिजली की सेंद्रिय पदार्थांचे विघटन एकदम उसळते आणि काही दिवसांत ओसरते. उन्हाळ्यात मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या पेशी, तगून राहिलेल्यांनी कोरड सोसण्यासाठी साठवलेली आणि भिजताच बाहेर टाकलेली द्रव्ये, मातीचे कण फुटल्यावर उघडे पडलेले जुने सेंद्रिय द्रव्य, हे सगळे एकाच वेळी उपलब्ध होते. त्यातून अमोनियम तयार होते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना ऊब, ओल आणि हवा लागते, आणि जूनमधली भिजलेली पण न तुंबलेली माती त्यांना नेमकी मानवते.

अडचण वेळेची आहे. झाडांची बारीक मुळे उन्हाळ्यात बरीच मेलेली असतात, पालवीही पुरती आलेली नसते. नत्र तयार आणि घेणारा गैरहजर, अशी स्थिती होते. अमोनियमवर धनभार असतो, म्हणून चिकणमाती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋणभार असतो, त्याला ती धरत नाही. काळ्या मातीच्या भेगांतून किंवा उतारावरच्या मुरमातून पाणी झरझर खाली गेले की नायट्रेटही त्याच्याबरोबर जाते. आकडा किती मोठा असू शकतो? वरच्या १० सेंटिमीटर थरात किलोमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र आहे आणि मातीची घनता घनसेंटिमीटरला १.२ ग्रॅम आहे असे धरा. एका हेक्टरच्या त्या थरात १२ लाख किलो माती असते, म्हणजे १२ किलो नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असते. म्हणजे अर्ध्या गोणीहून थोडे जास्त.

पहिल्या पावसानंतरच्या हिरवेपणाचे श्रेय विजांना देण्याची पद्धत आहे. वीज हवेतले नत्र बांधते, म्हणजे झाडांना घेता येईल अशा रूपात आणते, हे खरे, पण पृथ्वीभर मिळून ते वर्षाला सुमारे ५० लाख टन, आणि जमिनीवरचे सूक्ष्मजीव नैसर्गिकरीत्या त्याच्या कितीतरी पट बांधतात. जूनमधला चमत्कार पायाखाली घडतो.

शेंगवर्गातले प्रत्येक झाड नत्र बांधते हाही असाच एक गोड गैरसमज. पळस, खैर, शिसव, बाभूळ, करंज यांच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येतात. खानदेशची ओळख असलेल्या अंजनाच्या मुळांवर मात्र येत नाहीत. आपटा, बहावा, चिंच यांच्याही नाहीत. रोपवनात नत्रासाठी झाडे निवडायची तर शेंग पाहून भागत नाही. पावसाळ्यात कोवळी मुळे हलकेच उकरून गाठ कापावी. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे, हिरवट किंवा तपकिरी असेल तर थांबली आहे.

वणव्याचा मुद्दा इथे टाळता येत नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि राखेने जमीन सुधारते असे सांगितले जाते. राखेत कॅल्शियम, पालाश, थोडे स्फुरद उरते हे बरोबर. पण नत्र सुमारे २०० अंश सेल्सिअसपासूनच उडू लागते, आणि ५०० च्या वर तापमान गेले की पाचोळ्यातले बहुतेक नाहीसे होते. आगीनंतर मातीत अमोनियम काही काळ वाढते, म्हणून पहिले गवत तरारते आणि समज पक्का होतो. पाला झाडून कडेला लोटणे किंवा खाली जाळी अंथरणे यात कष्ट आहेत, पण नत्र जागेवर राहते.

झाडे नसली तर काय होते याचा प्रयोग अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये, हबर्ड ब्रूकच्या जंगलात झाला. लाइकन्स, बोरमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ च्या अखेरीस एका ओढ्याचे पूर्ण पाणलोट तोडले, लाकूड तिथेच ठेवले आणि तणनाशक मारून नवी फूट येऊ दिली नाही. शेजारच्या अखंड जंगलातून अपेक्षित असलेल्या पातळीच्या तुलनेत ओढ्यातले नायट्रेट पहिल्या वर्षी ४१ पट, दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. आपल्याकडे सागाचा कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडला तरी खुंटांना लगेच फुटवे येतात आणि मुळे जिवंत राहतात, म्हणून गळती त्या टोकाला जाण्याचे कारण नाही. फुटवे गुरांनी खाल्ले किंवा खुंटच उपटले, तर गोष्ट वेगळी.

नाल्यात उतरलेले सगळे नत्र तापीपर्यंत पोचत नाही. दगडांवरचे शेवाळ ते घेते. डोहाच्या तळाशी, कुजक्या पानांखाली प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि नत्र वायुरूपात हवेत परत जाते. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. अमेरिकेतल्या ७२ ओढ्यांत जड नत्र (माग काढता येणारा नत्राचा जड समस्थानिक) सोडून केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नायट्रेटचा भार वाढला की ओढ्याची ते काढून टाकण्याची कार्यक्षमता घटते.

नाल्यातले नत्र मोजणाऱ्यांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. बाटली नायट्रिक आम्लाने धुऊ नये, सौम्य हायड्रोक्लोरिक वापरावे. नाहीतर बाटलीतलेच नायट्रेट मोजले जाते. नाल्याच्याच पाण्याने तीनदा विसळून, प्रवाहाकडे तोंड करून मधले पाणी घ्यावे, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे, बर्फात ठेवावे आणि ४८ तासांत तपासावे. मोटारसायकलच्या डिकीत तापलेल्या नमुन्यात जिवाणू आकडा बदलून टाकतात. महिन्यातून एकदा नमुना घेणे इथे जवळपास निरुपयोगी आहे. सेकंदाला ५० लिटर वाहणाऱ्या नाल्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम नत्र असेल तर दिवसाला ४.३ किलो जाते. सेकंदाला २,००० लिटरच्या पुरात लिटरमागे ३ मिलिग्रॅम असेल तर सहा तासांत १३० किलो. पुराला हजर राहता येत नसेल तर काठच्या खांबावर ३०-३० सेंटिमीटरवर अरुंद तोंडाच्या बाटल्या बांधाव्यात, पाणी चढेल तशा त्या भरतात.

मातीतले अमोनियम आणि नायट्रेट मोजण्यासाठी १० ग्रॅम ओली माती ५० मिली पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात (लिटरला १४९ ग्रॅम) तासभर हलवून गाळतात. गाळणकागदात अमोनियम असते, म्हणून तो आधी त्याच द्रावणाने धुवावा आणि मातीविना एक कोरा नमुना बरोबर चालवावा. माती उन्हात वाळवून पाठवली तर बर्चचा परिणाम प्रयोगशाळेतच घडतो. किती नत्र मोकळे होते ते पाहण्यासाठी महिनाभर पिशवीत माती पुरून ठेवण्याची पद्धतही चालते, मात्र पिशवीतली ओल बदलत नाही. मेमध्ये पुरलेली पिशवी जूनची उसळी दाखवणार नाही, शिवाय वाळवी ती फाडते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोटे-वाळूच्या जाड थराच्या बझाडा पट्ट्यात नाले जमिनीत मुरतात. या थरात हवा भरपूर आणि सेंद्रिय कार्बन कमी, म्हणून डोहासारखे नायट्रेट संपत नाही. ते विहिरीत पोचते. वरच केळीच्या बागा आहेत आणि ठिबकमधून युरिया जातो, त्यामुळे तिथल्या नायट्रेटचा दोष जंगलावर टाकण्याआधी पायथ्याच्या वरच्या नाल्याचे आणि खालच्या विहिरीचे पाणी एकाच आठवड्यात तपासावे. अहवाल वाचताना एकक पाहावे: पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, आणि अहवालात ‘नायट्रेट-नत्र’ लिहिले असेल तर तीच मर्यादा सुमारे १० होते.