डायग्नोस्टिक ट्रबल कोड

डायग्नोस्टिक ट्रबल कोड (रूढ नाव एरर कोड) : मोटारगाडीच्या ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) एखादे मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेले आढळले की तो स्वतःच्या मेमरीत नोंदवतो ती पाच चिन्हांची खूण. बऱ्याच कोडांबरोबर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवाही लागतो. काय खटकले एवढेच कोड सांगतो. कोणता पार्ट गेला हे शोधावे लागते. कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आले तोच बदलून मोकळे होण्याची पद्धत सर्रास आढळते आणि फुकटचा खर्च बहुधा तिथेच होतो.

पूर्वी प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असत. काही गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजून ते वाचावे लागत. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ ही समान प्रणाली सक्तीची झाली. तिचा मूळ हेतू प्रदूषणावर नजर ठेवण्याचा होता. त्यामुळे गाडी व्यवस्थित पळत असतानाही, नुसते इंधनटाकीचे झाकण सैल राहिले म्हणून, काही गाड्यांत दिवा लागतो. स्कॅनर (कोड वाचण्याचे उपकरण) जोडण्याचा १६ पिनांचा सॉकेट सहसा स्टिअरिंगखाली असतो.

कोडमधील पहिले अक्षर विभाग दाखवते : पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे मॉड्यूलांमधील (गाडीतील वेगवेगळ्या संगणकांमधील) संपर्क. त्यापुढे ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर कंपनीचा खास. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणे.

निदानाची सुरुवात सगळे कोड लिहून घेण्यापासून होते. त्यांच्यासोबत फ्रीझ फ्रेमही वाचतात. कोड पडला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे तापमान, आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि लोड (इंजिनावरचा भार) त्यात नोंदलेले असतात. ही माहिती सोन्यासारखी असते, पण कोड घाईने पुसला की तीही जाते. अनेक कोड एकदम आले असतील तर आधी बॅटरी, अर्थिंग आणि व्होल्टेज तपासणे शहाणपणाचे.

पी०१७१ चे उदाहरण घेऊ. मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते, असा त्याचा अर्थ. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच्या मोजमापावरून येते, म्हणून त्यालाच दोषी धरले जाते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा खरेच सांगत असतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती वाढवतो वा घटवतो तो आकडा, पाहावा. आयडलिंगला तो बराच वर असेल आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा गळते आहे : फुटका व्हॅक्युम पाइप किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट. उलट लोड वाढेल तसा ट्रिम चढत गेला, तर इंधनाचा दाब आणि हवा मोजणारा सेन्सर यांच्याकडे वळावे.

मिसफायरची परीक्षा आणखी सोपी. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर पहिल्याची कॉईल तिसऱ्याला लावून गाडी चालवायची. कोड पी०३०३ झाला तर कॉईल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहायचे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नये : न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधले प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो आणि कामातून जातो.

सर्किट लो किंवा सर्किट हाय (सिग्नलचा व्होल्टेज मर्यादेपेक्षा कमी किंवा जास्त) अशा कोडांत मल्टिमीटर लागतो. गंजलेला कनेक्टर, घासून उघडी पडलेली वायर, सैल पिन हे दोष नवा सेन्सर लावून जात नाहीत.

दुरुस्तीनंतर कोड पुसून, तो ज्या परिस्थितीत पडला होता तशीच गाडी चालवून पाहतात. बॅटरीची वायर काढल्यानेही बऱ्याच गाड्यांत दिवा विझतो, पण त्यासोबत ईसीयू स्वतः घेतो त्या चाचण्यांची नोंदही शून्यावर येते. दोष तसाच ठेवून नुसता दिवा विझवण्यावर तोडगा म्हणून नंतरच्या ओबीडी-२ गाड्यांत पर्मनंट कोड आले. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत. संबंधित चाचणीत दोष उरला नाही याची खात्री झाल्यावर ईसीयूच ते काढतो.