पार्श्वभूमी : कॉमेंट फिकी का दिसते?

प्रोग्रामिंगच्या मराठी नोंदींची आमची सांगलीची छोटी साइट जेकिलवरून ह्युगोवर (दोन्ही मजकुराच्या फाइलींतून साइटची पाने तयार करणारी साधने) न्यायला घेतली आणि एक जुने भांडण पुन्हा वर आले. पानावरच्या कोडमधल्या कॉमेंटला, म्हणजे संगणक सोडून देतो आणि फक्त माणसाने वाचायची असते त्या टिपेला, रंग कोणता द्यायचा? बाहेरच्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. पण आमच्या नोंदींत कोड इंग्रजीत असतो आणि समजावणी मराठीत, आणि ती समजावणी बहुतेक वेळा कॉमेंटमध्येच असते. नेमकी तीच ओळ इतकी वर्षे सगळ्यात फिकी दिसत आली.

कोडमधले वेगवेगळे शब्द वेगळ्या रंगांत दाखवण्याला सिंटॅक्स हायलायटिंग म्हणतात. असा रंगीत कोड आपल्याकडच्या बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. पिवळी अक्षरे, पांढरे कीवर्ड (भाषेचे स्वतःचे राखीव शब्द). तो पडदा आपल्या कॉलेजांच्या लॅबमधून हलायलाच तयार नव्हता, त्यामुळे त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. विम या कोड लिहायच्या एडिटरला रंग आले ते १९९८ साली, पाचव्या आवृत्तीत. तोवर रंग ही कोड लिहिणाऱ्याची सोय होती. वाचणाऱ्यासाठी कोड रंगवायचा, हा विचार वेबने आणला.

२००४ साली मार्कडाउन, ही साध्या मजकुरातून वेबपान लिहायची पद्धत, आली तेव्हा कोड दाखवायचा तर ओळीआधी चार स्पेस सोडायच्या, एवढाच नियम होता. हा कोड कोणत्या भाषेतला, हे सांगायला त्यात जागाच नव्हती. तीन बॅकटिक (उलटी अवतरणचिन्हे) आणि त्यांच्यापुढे भाषेचे नाव, ही पद्धत नंतर रुळली. दरम्यान २००६ साली दोन वाटा फुटल्या. पिगमेंट्स हे पायथनमधले साधन पान तयार होतानाच कोडचे तुकडे पाडून प्रत्येकाला वर्ग, म्हणजे तुकड्याचा प्रकार सांगणारी खूण, चिकटवी. हायलाइट डॉट जेएस तेच काम वाचकाच्या ब्राउझरमध्ये, पान उघडल्यावर करी. २०१२ मध्ये आलेले प्रिझमही ब्राउझरवालेच.

जेकिल २००८ चे. त्याने पहिली वाट धरली आणि रंगवण्याचे काम पिगमेंट्सवर सोपवले. आम्ही या गोष्टीत शिरलो २०१४ च्या सुमारास, तेव्हा इथून पुढचे जरा तपशिलाने सांगता येईल. जेकिल रुबीचे आणि पिगमेंट्स पायथनचे. विश्रामबागेतल्या एका खोलीत तीन विंडोज लॅपटॉपवर या दोघांचे लग्न लावताना आमचे दोन रविवार गेले. शेवटी एकावर जमले. मग सगळ्यांच्या नोंदी पेन ड्राइव्हवरून त्या एका लॅपटॉपवर येत आणि तिथूनच साइट बिल्ड होई. लॅपटॉपचा मालक गावाला गेला की साइटही सुट्टीवर.

साहजिकच कोणीतरी म्हणाले, एवढी उरस्फोड कशाला, हायलाइट डॉट जेएसची एक ओळ टाका. टाकली. महिनाभर चालली. मग एका कॉलेजच्या लॅबमधून निरोप आला की कोड काळापांढरा दिसतोय. तिथे बाहेरच्या बहुतेक साइट बंद होत्या. आमचे पान उघडे, पण सीडीएनवरून, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून, येणारी रंगवणारी स्क्रिप्ट अडे. ती फाइल आपल्याच साइटवर ठेवून हे सुटले असते, हे खरे. पण जो कोड वर्षभर बदलत नाही तो प्रत्येक वाचकाच्या फोनवर प्रत्येक वेळी नव्याने रंगवायचा, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. आम्ही पहिल्या वाटेवर परतलो.

२०१५ च्या ऑक्टोबरात जेकिल ३ आले आणि त्याने पिगमेंट्स बाजूला सारून रूज हे रुबीतलेच साधन आपलेसे केले. २०१६ मध्ये जेकिलच्या साइट चालवणाऱ्या गिटहब पेजेस या सेवेनेही फक्त रूजच ठेवले. त्यावर नाराजी झाली, कारण रूज पिगमेंट्सपेक्षा कमी भाषा ओळखे. आमच्यासारख्यांना मात्र पायथनचे लचांड सुटल्याचा आनंद होता. आम्ही लिहायचो सी, पायथन आणि थोडे एसक्यूएल, आम्हाला बाकीच्या भाषांचे काय!

आता मूळ मुद्दा. रूजने वर्गांची नावे पिगमेंट्सचीच ठेवली. कीवर्डला 'के', कॉमेंटला 'सी', फंक्शनच्या नावाला 'एनएफ'. हेतू चांगला होता, जुनी सीएसएस, म्हणजे कोणत्या वर्गाला कोणता रंग हे सांगणारी फाइल, तशीच चालावी. पुढे २०१७ मध्ये ह्युगोने क्रोमा हे रंगवायचे साधन घेतले, त्यातही हीच नावे. इंजिन बदलले, भाषा बदलली, पण रंगांची फाइल एका घरातून दुसऱ्या घरात पितळी भांड्यासारखी जात राहिली. आणि तिच्याबरोबर कॉमेंटचा रंगही.

जेकिलच्या नेहमीच्या थीममध्ये हा रंग हिरवट राखाडी आहे, तोही तिरप्या अक्षरांत, फिक्या निळसर पार्श्वभूमीवर. दोघांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, मोजला तर जेमतेम २.५ : १ भरतो. सुलभतेच्या २००८ च्या वेब मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ सांगितला आहे. म्हणजे आपला त्याच्या निम्म्याच्या जरा वर. प्रिझमच्या मूळ थीममधली कॉमेंटही ३.६ च्या आसपासच अडते. हे चुकून झालेले नाही. थीम करणारा प्रोग्रामर असतो, त्याला कोड वाचता येतो, कॉमेंट त्याच्या वाटेत येते. म्हणून ती मागे ढकलायची. त्याच्या जागी ते बरोबरच आहे. पण मिरजेहून एसटीने येऊन पहिल्यांदा फॉर लूप बघणाऱ्या पोराला कोडच परका असतो. त्याला धरायला असते ती फक्त 'इथे आय एकने वाढतो' ही ओळ, आणि तीच आपण पुसट करून ठेवलेली.

तिरपेपणाने आणखी घाण केली. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरी इटॅलिक नसते, मग ब्राउझर सरळ अक्षरच यांत्रिकपणे वाकवतो. जोडाक्षरे आणि वेलांट्या एकमेकांवर रेलल्यासारख्या दिसतात. शाळेत अक्षर तिरके आले की छडी मिळायची, इथे ते थीम फुकट करून देते.

खरा कस लागला तो झेरॉक्सच्या दुकानात. परीक्षा जवळ आली की पोरे नोंदींची प्रिंट काढतात आणि मग तिच्या झेरॉक्स. राखाडी कॉमेंट पहिल्या प्रिंटमध्ये कशीबशी दिसे, तिच्या झेरॉक्समध्ये तिचे ठिपके होत, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये कोडच्या शेजारी नुसता पांढरा कागद. त्यावर एका लेखकाने न सांगता तोडगा काढला. पायथनच्या नोंदींत तो मराठी मजकूर हॅशपुढे, म्हणजे कॉमेंटमध्ये, न लिहिता तिहेरी अवतरणचिन्हांत लिहू लागला. ती स्ट्रिंग, म्हणजे साधनाच्या लेखी नुसता मजकूर, म्हणून गडद लाल. प्रिंटमध्ये ठसठशीत. कोड बिघडत नव्हता, पण मुले तेच वळण उचलून प्रत्येक ओळीखाली तिहेरी अवतरणे टाकू लागली, आणि मग वर्गात शिकवणाऱ्यांच्या तक्रारी आमच्याकडे आल्या.

तेव्हा पहिल्यांदा सीएसएसला हात लावला. 'सी' वर्गाला गडद रंग दिला, अक्षर सरळ केले, साइट चढवली. काहीच बदलले नाही. कारण साधनाच्या लेखी कॉमेंट एक नसते. एका ओळीची असेल तर 'सी१', अनेक ओळींची असेल तर 'सीएम', दोघींचे नियम फाइलमध्ये वेगळे. आपण रंगवत होतो ते पाटीवरचे आडनाव, घरात राहणारे वेगळेच.

नावातला घोळ इथे सांगून टाकतो. सिंटॅक्स हायलायटिंग म्हणतात खरे, पण यातली बहुतेक साधने वाक्यरचना समजून घेत नाहीत. ती शब्द ओळखतात, नमुन्यांवरून, डावीकडून उजवीकडे. अर्धवट, न चालणारा कोडही तितकाच देखणा रंगतो. पोरे विचारतात, 'सर, रंग तर आले, मग एरर का?' त्याचे उत्तर हेच. याचाच दुसरा तोटा देवनागरीला बसतो. पायथन ३ मध्ये चलाला 'किंमत' असे नाव देता येते, पण ब्राउझरमधली साधने जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असतात, आणि तिच्या नमुन्यांत 'शब्दातले अक्षर' याचा नेहमीचा अर्थ इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर एवढाच. ज्या साधनाने तोच धरला, त्याला 'किंमत' हा शब्दच दिसत नाही. कॉमेंट यातून वाचते, कारण तिथे ओळ संपेपर्यंत सगळे एकाच खोक्यात जाते.

ह्युगोवर जाताना क्रोमाची रंगांची फाइल नव्याने काढता येते, म्हणून वाद पुन्हा निघाला. एका गटाचे म्हणणे, कॉमेंट काळी आणि सरळ ठेवा, कोडला मध्यम रंग द्या. दुसऱ्याचे म्हणणे, तसे केले तर मुले कोड वाचणारच नाहीत, मराठी ओळ वाचून पुढे सरकतील. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, पण त्यावर पुसट अक्षर हा उपाय मला पटत नाही. सध्या दोन्ही फाइली तयार आहेत. सी भाषेच्या पहिल्या धड्याची दोन्ही रूपे शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानात तीनदा झेरॉक्स करून आणायची ठरली आहेत. डार्क थीमचा विषय अजून कुणी काढलेला नाही.