आरोग्याचा नियम म्हणजे एसपीएस नव्हे

मराठवाड्यातून केसर आंबा, द्राक्षे किंवा हळद परदेशी पाठवणाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येते : खाण्याच्या मालाला एसपीएस, कारखान्याच्या मालाला टीबीटी. वाक्य सुटसुटीत आहे, आणि चुकीचे आहे.

एसपीएस म्हणजे माणूस, प्राणी आणि वनस्पती यांना अन्नातील दोष व कीड-रोगांपासून वाचवणाऱ्या नियमांचा करार, आणि टीबीटी म्हणजे व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांचा करार. जागतिक व्यापार संघटनेचे हे दोन्ही करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहेत. त्यांतला एसपीएस आपल्या बागायतदाराला समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षातले औषधाचे उर्वरित अंश आणि फायटो प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, तो कोळून प्यालेला असतो, आणि फळमाशीपायी युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंबा बंद केला होता, हेही तो विसरलेला नाही. टीबीटी म्हणजे आकार, प्रतवारी, वेष्टन, लेबल, चाचण्या यांचे तांत्रिक नियम.

घोळ होतो तो पुढे. माल कोणता, हा प्रश्नच मुळात विचारायचा नसतो. नियम कोणत्या धोक्यासाठी केला, हे विचारायचे असते. एसपीएस करारात धोक्यांची ठरावीक यादी आहे : अन्न, पेये व पशुखाद्य यांतील मिश्रके, दूषित घटक, विषारी द्रव्ये आणि रोगजंतू, प्राणी, वनस्पती किंवा त्यांच्या उत्पादनांतून माणसाला होणारे रोग, आणि पिकांना, जनावरांना वा एकूण मुलखाला होणारा कीड-रोगांचा उपद्रव. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून यंत्राचा सुटा भाग लाकडी खोक्यात निघाला, तर त्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे पोहोचवून, किंवा मान्य धुरी देऊन, त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारावा लागतो. आत लोखंड असले तरी हा नियम एसपीएसचा आहे, कारण भीती लाकूड पोखरणाऱ्या किडीची आहे. उलट आंब्याच्या पेटीवरील लेबलाची जागा आणि अक्षरांचा आकार हा टीबीटीचा विषय आहे, आंबा खाण्याचा असला तरी.

‘आरोग्य’ हा शब्द दिसताच एसपीएस म्हणणाऱ्यांचा मला विशेष कंटाळा येतो. ऑस्ट्रेलियाने सिगारेटची पाकिटे साधी, बिनरंगाढंगाची केली, ती निव्वळ जनतेच्या आरोग्यासाठी. तरीही तो वाद एसपीएसखाली नव्हे, तर टीबीटीखाली लढला गेला, कारण सिगारेट अन्न नाही आणि तिचा धोका त्या यादीत बसत नाही. २०२० मध्ये अपिलातही ऑस्ट्रेलियाच जिंकली.

हा फरक केवळ कागदी नाही. एसपीएसमध्ये नियमाला शास्त्रीय आधार आणि धोक्याचे मूल्यमापन लागते. ते न दाखवता आल्याने युरोपीय संघ संप्रेरके दिलेल्या जनावरांच्या मांसावरील बंदीच्या खटल्यात १९९८ मध्ये हरला. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरता उपाय चालतो, पण तो तात्पुरताच. टीबीटीमध्ये हेतू रास्त असावा आणि व्यापाराला गरजेपेक्षा जास्त आडकाठी होऊ नये, एवढे पाहतात; शास्त्रीय माहिती हा तिथे विचारात घेण्याच्या बाबींपैकी एक.

देशादेशांत भेद करण्याबाबत तर दोघांची दिशाच वेगळी आहे. एकसारख्या मालात मूळ देशावरून दुजाभाव टीबीटीला चालत नाही. एसपीएसमध्ये मात्र रोग कुठे आहे हे पाहून भेद करता येतो, किंबहुना रोगमुक्त प्रदेश वेगळा मानावाच लागतो. अमेरिकेत बर्ड फ्लू निघाला की तिथल्या सगळ्याच कोंबड्या अडवणारा भारत नेमक्या याच मुद्द्यावर २०१५ मध्ये हरला.

म्हणून ‘माल क्वालिटीत बसला नाही’ एवढ्या निरोपावर कोणीही गप्प बसू नये. परत आलेल्या पेटीबरोबर कोणता धोका धरून ती नाकारली, हे लेखी मागून घ्यावे.