हायब्रिड आणि ब्लेंडेड, कृपया एकात एक कालवू नका

'आम्ही ब्लेंडेड शिकवतो' असं कोणी सांगितलं आणि वर्गात डोकावलं तर निम्मी मुलं बाकांवर, निम्मी स्क्रीनवर. अहो, हे हायब्रिड झालं!

ब्लेंडेड बहुतेकांना ठाऊक असतं, थोडं घरी व्हिडिओवर, थोडं वर्गात, आणि सगळ्यांना सारखंच. व्हिडिओ छोटा ठेवा, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसवर २०१४ साली आलेल्या अभ्यासात मुलं जेमतेम ६ मिनिटं टिकलेली दिसली, तरी लोक अख्खं लेक्चर जसंच्या तसं चिकटवतात. आणि घरी बघायला दिलेलं वर्गात परत शिकवायचं नाही, एकदा शिकवलंत की पुढच्या वेळी कोणी बघून येत नाही.

गोची होते ती इथे. ब्लेंडेडमध्ये शिकवण्याचा वेळ वाटला जातो, हायब्रिडमध्ये मुलंच वाटली जातात, तीही एकाच वेळी, त्यामुळे ब्लेंडेडची मेहनत तासाच्या आधी संपते आणि हायब्रिडची तास सुरू झाल्यावर सुरू होते. पहिल्या बाकावरून कोणी प्रश्न विचारतं, तुम्ही उत्तर देता, वर्ग मान डोलावतो, पण माइक तुमच्या कॉलरला, म्हणजे ऑनलाइनवाल्यांना नुसतं उत्तर ऐकू आलं, प्रश्न गायब. असं दोन-चारदा झालं की तिकडची मुलं नावापुरती उरतात आणि आपण म्हणतो हल्लीच्या मुलांना इंटरेस्टच नाही! म्हणून प्रत्येक प्रश्न आधी स्वतः मोठ्यांदा परत म्हणा, मग उत्तर द्या. फळ्यावर लिहिलेलं कॅमेऱ्यात धड दिसत नाही, त्यापेक्षा टॅबवर लिहून तेच प्रोजेक्टरवर आणि तेच शेअर स्क्रीनवर. चॅटवर वर्गातल्याच एकाला बसवा, दर तासाला वेगळा, शिकवता शिकवता चॅट वाचणं कोणालाच जमत नाही.

गटकामात मी ऑनलाइन मुलांचा गट वेगळाच ठेवते. मिसळायचेच असतील तर वर्गातल्या प्रत्येकाला इअरफोन हवेत, नाहीतर एकाच खोलीत चार लॅपटॉप मीटिंगला जोडले की जी कर्कश शिट्टी वाजते ती ऐकून घ्या.

हायफ्लेक्स आणखी वेगळं, सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रायन बीटींचं, त्यात आज वर्गात यायचं की ऑनलाइन बसायचं की नंतर आपल्या सवडीने करायचं हे विद्यार्थी ठरवतो.

आणि ते 'कॅमेरे चालू करा रे' बंद करा बुवा. प्रश्न टाका, सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर टाइप करायला सांगा, तुम्ही म्हणाल तेव्हाच एंटर दाबायचं. कोण जागं आहे ते लगेच कळतं.