आयएसटी : एक प्रत्यय आणि ३९ मिनिटं

इंग्रजीतली आय, एस, टी ही तीन अक्षरं शब्दाच्या शेपटीला लागली की माणूस उभा राहतो : टायपिस्ट, डेंटिस्ट, केमिस्ट. एकटी लिहिली की आपलं घड्याळ, म्हणजे भारताची प्रमाणवेळ. दोन्हींचं नातं काही नाही, फक्त अक्षरं सारखी.

प्रत्यय मूळचा ग्रीक. लॅटिन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. ‘बिगेस्ट’मधला ‘एस्ट’ याचा भाऊ नव्हे, तो जर्मानिक घरातला. ‘सायंटिस्ट’ हा शब्द १८३० च्या दशकात ‘आर्टिस्ट’वरून बेतला गेला आणि बरीच वर्षं इंग्रज विद्वानांनाच कानाला खटकत होता. मराठीने या प्रत्ययाला एकच पर्याय कधी दिला नाही. सोशालिस्ट तो समाजवादी, पियानिस्ट तो वादक, सायंटिस्ट तो शास्त्रज्ञ. त्यातला ‘वादी’ कोर्टात गेला की फिर्याद करणारा होतो, ते वेगळंच.

खरी भांडणं झाली ती संक्षेपावरून. इंडियन स्टँडर्ड टाइम १ जानेवारी १९०६ पासून लागू झाला : ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेला. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत होती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे.

३९ मिनिटांचं एवढं काय, असं आज वाटेल. पण नव्या घड्याळात सकाळचे सहा वाजले की जुन्यात ५ वाजून २१ मिनिटं झालेली असत. गिरणीचा भोंगा नव्या वेळेवर वाजणार म्हणजे कामगाराने तेवढं आधी, अंधारात घर सोडायचं. त्या जानेवारीत कामगारांनी माग बंद ठेवले, दगडफेक केली. शिवाय सरकारवर विश्वास कोणाचा होता? आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली. मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा १८८१ मधला प्रयत्नही दोन वर्षांत गुंडाळावा लागला होता. लोकांना विचारलं नाही, ही तक्रार मला तरी रास्त वाटते.

मग शहरात दोन वेळा नांदू लागल्या. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे ‘स्टँडर्ड’वर, पालिकेची घड्याळं ‘मुंबई टाइम’वर. भेट ठरवताना ‘कुठला टाइम?’ हे विचारावंच लागे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची १९५० च्या दशकापर्यंत रेंगाळली.

वाद अजून मिटलेला नाही, फक्त पूर्वेला सरकला. आसामच्या मळ्यांत तासभर पुढचा ‘चहाबागान टाइम’ चालतो. देशात दोन प्रमाणवेळा असाव्यात, आयएसटी-एक आणि आयएसटी-दोन, असा प्रस्ताव २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांच्या हिशेबात दुसरी वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढची. दुसऱ्या महायुद्धात सगळा देशच त्या वेळेवर होता.

परदेशी मीटिंगच्या निमंत्रणात नुसतं ‘आयएसटी’ दिसलं तर विचारून घ्यावं. आयर्लंड आणि इस्रायलही हीच अक्षरं वापरतात.